घरच्या बालवाडीसाठी साहित्य निवडताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर रत्नागिरीतलं एक तालुक्याचं गाव. घरात आई, बाबा, बाबांची आई म्हणजे आजी, पावणेचार वर्षांची मुलगी आणि नुकताच धरून धरून चालायला लागलेला तिचा भाऊ. मुलीला इथे चिऊ म्हणू. कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

२०२२ च्या जूनमध्ये चिऊ गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जायला लागली. पावसाळा सरेपर्यंत तिच्या वहीत पानंच्या पानं ‘स्टँडिंग लाइन’ आणि ‘स्लीपिंग लाइन’नं भरली होती. घरचा अभ्यासही तोच. पेन्सिल दिसली की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. दसऱ्यानंतर रोज सकाळी दप्तर बघून पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आईबाबांनी तिला पाठवलंच नाही. पहिलीपर्यंत घरीच शिकवायचं, असं दोघांनी ठरवलं.

मी बालवाडीच्या शिक्षिकांना प्रशिक्षण देते. चिऊची मावशी माझ्याबरोबर काम करायची, तिच्यामुळे मी या घरापर्यंत पोचले. सुरुवातीला आईला धाकधूक होती ती कायद्याची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि तो ६ ते १४ वयोगटाला लागू होतो. सहाच्या आतलं मूल घरी ठेवलं तर कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. त्या हिशेबानं चिऊची पहिली जून २०२५ मध्ये येत होती. हाताशी अडीच वर्षं आहेत हे कागदावर लिहून बघितलं, तेव्हाच घरातली बरीचशी घाई ओसरली.

अडचण

नर्सरी सोडली त्याच आठवड्यात आईनं एक तयार संच ऑनलाइन मागवला होता. साडेबारा हजार रुपये. त्यात लाकडी कोडी होती, रंगीत प्लास्टिकची अस्वलं आणि त्याच रंगांच्या वाट्या होत्या, इंग्रजी अक्षरांची चित्रकार्डं, वर्कशीटचे गठ्ठे आणि एका ॲपवर रोज चाळीस मिनिटांचा व्हिडिओ वर्ग. शिवाय ओळखीच्या आयांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ फायली होत्याच. महिन्याभरात एक अख्खं कपाट भरलं.

आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. ‘ताई, सामान सगळं आहे. चिऊ पाच मिनिटं बसते आणि उठून आजीच्या मागे जाते. मी शिकवायला कमी पडतेय का?’

मी तिला साहित्याची यादी विचारली नाही. चिऊच्या दिवसातला कुठला वेळ कुणाबरोबर जातो ते लिहून पाठवायला सांगितलं. तो कागद आला आणि प्रश्न कुठे आहे ते दिसलं. आई एका कंपनीचे हिशेब घरून बघते, दहा ते सहा तिचं दार बंद. बाबा एमआयडीसीत, पाळी बदलती. चिऊ आणि धाकटा सकाळी साडेनऊपासून जेवणापर्यंत आणि पुन्हा चारनंतर आजीजवळ. आणि विकत आणलेल्या सगळ्या साहित्याच्या सूचना इंग्रजीत. आजी सातवी शिकलेली, पोथी खडखडीत वाचणारी, पण त्या संचातली एकही वस्तू ती वापरू शकत नव्हती. ‘ह्या अस्वलांचं मी काय करू ते कुणी सांगितलंच नाही मला,’ असं ती नंतर म्हणाली. खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

बाजारात साहित्य मुलाच्या वयानुसार मांडलेलं असतं: तीन वर्षं, चार वर्षं, पाच वर्षं. ते मुलापुढे कोण घेऊन बसणार, हा रकाना खोक्यावर नसतो. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत साहित्य पडून राहतं त्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसत आलं आहे.

निरीक्षणाचा आठवडा

काहीही ठरवण्याआधी आठवडाभर फक्त बघायचं ठरलं. चिऊ आपणहून काय घेते, किती वेळ रमते, कशावरून उठते, हे एका वहीत. आजी सांगायची, आई रात्री लिहायची.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी: ‘वाल आणि पावटे एकत्र झाले होते. आजीबरोबर निवडत बसली. अर्धा तास तरी. मध्ये बोलली नाही.’ दुसरी: ‘संचातलं कोडं दिलं. दोन तुकडे लावले, डोळे चोळले, नको म्हणाली.’ तिसरी मला सगळ्यात बोलकी वाटली. चिऊ चाळीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची. आजीनं ‘पाच कांदे आण’ म्हटल्यावर मात्र तिनं दोन्ही हातांत मावतील तेवढे आणून ठेवले. आकडे पाठ होते, पाच म्हणजे किती हे अजून ठरायचं होतं. या वयातल्या बहुतेक मुलांचं असंच असतं, त्यात काळजीचं काही नाही. पण चाळीसच्या पुढचे आकडे शिकवणारं साहित्य आत्ता आणायचं नाही, एवढं त्यावरून नक्की झालं.

विचारात घेतलेले पर्याय

तयार संच आणि ॲप चालू ठेवणं हा पहिला. पैसे भरून झाले होते, क्रम ठरलेला होता आणि रोज उठून ‘आज काय’ हा विचार आईला करावा लागत नव्हता. नोकरी करणाऱ्या आईसाठी हे शेवटचं कारण फार मोठं असतं, ते मी कधी खोडून काढत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढा बरा असं सांगतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांसाठी तीच मर्यादा सांगितली. व्हिडिओ वर्ग आणि जेवताना लावलेली गाणी मिळून चिऊचा तास रोज ओलांडला जात होता.

बाबांचा कल माँटेसरी साहित्याकडे, म्हणजे मारिया माँटेसरींच्या बालशिक्षण पद्धतीतल्या ठरावीक साधनांकडे होता. ओळखीचा सुतार होता, चित्रं दाखवली की तो करून देईल असं त्यांना वाटत होतं. या साहित्याचं मर्म मी त्यांना गुलाबी मनोऱ्यावरून समजावलं. त्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, आणि सगळ्यांचा रंग एकच. फरक फक्त आकारमानात, म्हणून मुलाचं लक्ष आकारमानावरच जातं. चूक झाली तर मनोराच वेडावाकडा दिसतो, मोठ्या माणसाला ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. संचातल्या रंगीत कड्या लहानमोठ्याही होत्या आणि सात रंगांच्याही. मूल त्या रंग लक्षात ठेवून लावतं, आणि मोठ्यांना वाटतं त्याला लहानमोठं कळलं. हे ऐकल्यावर बाबांनी कपाटातल्या अर्ध्या वस्तू स्वतःच बाजूला काढल्या. पण पूर्ण माँटेसरी साहित्य म्हणजे मोठा खर्च, वेगळी खोली आणि ते मांडून दाखवण्याचं शिक्षण. यातलं एकही या घरात नव्हतं. तत्त्व घ्यायचं, सामान नाही, असं ठरलं.

वर्कशीटबद्दल फारशी चर्चा झाली नाही. साधारण तीन वर्षांचं मूल बघून गोल काढतं, चारच्या आसपास अधिक चिन्हासारखी फुली, चार ते पाचच्या दरम्यान चौकोन आणि पाचच्या सुमाराला त्रिकोण. चिऊचा गोल तेव्हा जेमतेम मिटत होता. ‘क’ची वळणं किंवा इंग्रजी ‘के’च्या तिरक्या रेघा तिच्या हाताला अजून लांब होत्या.

चौथा पर्याय वाडीतच होता. चार घरं सोडून अंगणवाडी, मराठीतून, फुकट, राज्याच्या ‘आकार’ अभ्यासक्रमावर चालणारी. आईबाबा म्हणाले, ‘परत शाळाच झाली मग.’ बाबांच्या मनात थोडा मानाचाही प्रश्न होता, अंगणवाडीत कोण जातं वगैरे. मी एकदा आग्रह केला आणि थांबले. नर्सरीचा अनुभव ताजा होता.

पाचवा, घरात आणि परसात आहे त्यातून साहित्य उभं करायचं आणि जे घरात होऊ शकत नाही तेवढंच विकत घ्यायचं. महाराष्ट्रात याला भक्कम आधार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य खेड्यात आणि आदिवासी पाड्यांवर परवडणार नाही हे ओळखून त्यांनी बिया, शिंपले, दगड, पानं, माती यांतून साहित्य घडवलं. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती सरसावून बसली. तोवर तिची समजूत अशी होती की शिक्षण खोक्यातून येतं आणि आपल्याकडचं ते नुसतं मूल रमवणं.

कसं ठरवलं

पाचवा पर्याय मुख्य धरला. पहिल्या आणि दुसऱ्यातलं उपयोगी पडेल तेवढं त्यात घ्यायचं. ठरवताना तीन ठिकाणी खरी ओढाताण झाली.

पहिली, साहित्य कुणाच्या हातचं. कपाटातली प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडली आणि तीन ढीग केले: आजी चिऊबरोबर वापरेल ते, आई संध्याकाळी वापरेल ते, आणि चिऊ एकटी काढून, वापरून परत ठेवू शकेल ते. तिन्हींत न बसणारं माळ्यावर. आजीचा ढीग सुरुवातीला रिकामा होता. मग ती उठली आणि आतून करवंट्या, सुपली, दोन तांबे आणि सागरगोट्यांची पिशवी घेऊन आली. त्या दिवसापासून घरच्या बालवाडीची मुख्य शिक्षिका कोण, यावर वाद राहिला नाही.

दुसरी ओढाताण भाषेची. आईला इंग्रजी सुटेल ही भीती होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर देतं हे तिला माहीत होतं, पण धोरण वाचून धीर येत नाही. तिला पटलं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. संचातला मोठा भाग अक्षराचं नाव वेगळं आणि उच्चार वेगळा, ही इंग्रजीतली अडचण सोडवण्यासाठी होता. ‘सी’ म्हणायचं आणि ‘क’ वाचायचं, हे कोडं मराठीत नाहीच. ‘म’चं नाव म आणि उच्चारही म. मराठीत अडतं ते पुढे, काना-मात्रा-वेलांट्यांपाशी आणि जोडाक्षरांपाशी. तेव्हा वाचनाची सुरुवात मराठीतून, आणि इंग्रजी आईच्या तोंडून, संध्याकाळी, गाण्यांतून आणि दुभाषिक चित्रपुस्तकांतून. एवढ्यावर तडजोड झाली.

तिसरी, धाकट्याची. तीनच्या आतल्या मुलाच्या घरात चिंचोके, मणी, बटणं म्हणजे घशात अडकण्याचा धोका. बारीक वस्तूंची सगळी कामं धाकटा झोपल्यावर, जेवणाच्या टेबलावरच, आणि संपल्यावर झाकणाच्या डब्यात मोजून परत. हा नियम आजीनं कधी मोडला नाही.

विकत काय घ्यायचं, त्याची यादी छोटी झाली. पहिली खरेदी पुस्तकांची. आजीच्या गोष्टी कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना पानं नव्हती, चित्रं नव्हती, आणि तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. गावच्या वाचनालयात बालविभाग होता, पण तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तकं जवळजवळ नव्हती. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी पुस्तकं, तूलिकाची दुभाषिक पुस्तकं अशी सुमारे तीन हजारांची खरेदी झाली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. आई ती आधी स्वतः वाचायची आणि चिऊला आवडतील अशी मोजकी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायची.

दुसरी खरेदी ठोकळ्यांची. सुतारानं उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून चौकोनी, लांबट आणि त्रिकोणी ठोकळे कापून दिले, कडा घासून गोल केल्या. रंग लावायचा नाही यावर मी ठाम होते. १ जानेवारी २०२१ पासून बाजारातल्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यासाठी त्यांची तपासणी होते. घरी करून घेतलेल्या वस्तूच्या रंगात काय आहे ते कुणी तपासत नाही.

प्रत्यक्ष काय केलं

ओसरीवरच्या जुन्या कपाटाची दारं काढून खालचे दोन कप्पे चिऊचे झाले. त्यावर सहा स्टीलची ताटं, प्रत्येकात एक काम. पाणी एका तांब्यातून दुसऱ्यात ओतायचं आणि सांडलेलं फडक्यानं टिपायचं. बाबांचा जुना शर्ट पाटावर ताणून बसवलेला, त्याची बटणं लावायची-काढायची. वाल, पावटे, कुळीथ वेगळे करायचे. दर रविवारी दोन ताटं बदलायची, चार तीच ठेवायची.

आकड्यांचं काम स्वयंपाकघरात गेलं. ‘आज जेवायला किती जण?’ आणि तेवढी ताटं, तेवढ्या वाट्या. बाबा रात्रपाळीला गेले की एक ताट कमी. पाहुणे आले की दोन जास्त. ताट कमी पडलं तर कुणीतरी उभं राहायचं, चिऊला ते दिसायचं. पाच म्हणजे पाच हे तिला इथे समजलं, आणि वजाबाकीची ओळख झाली तीही इथेच.

आजीच्या उत्साहाला एकदा आवर घालावा लागला. ती परसातून ओंजळभर गुंजा घेऊन आली, लालभडक, टोकाला काळा ठिपका. दिसायला सुंदर आणि मोजायला सोप्या. पण गुंजेचं बी विषारी असतं, चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. त्या घरातून बाहेर गेल्या. एरंड आणि धोत्र्याच्या बियाही त्याच दिवशी यादीतून काढल्या. निसर्गातलं म्हणून निर्धोक, असं धरून चालत नाही. खरेदीची खेळणी तपासतो तेवढ्याच बारकाईनं बियाही तपासाव्या लागतात.

अक्षरं आली चिऊ सव्वाचारची झाल्यावर. डब्यावरचं नाव बघून ‘हे काय लिहिलंय’ असं ती विचारायला लागली तेव्हा. बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणला, आईनं अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. वर्णमालेच्या क्रमानं नाही, ग म भ न असं सुरू केलं, कारण ही अक्षरं वळणानं एकमेकांच्या जवळची आहेत आणि त्यांतून ‘गगन’, ‘नभ’, ‘मन’ असे शब्द लगेच वाचता येतात. दोन बोटांनी गिरवायचं, शिरोरेघ शेवटी. पेन्सिल अजून नव्हती. खडू होता, कोळसा होता आणि ओली माती होती.

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ जाहीर केला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं, गोष्टी असा तो साहित्यसंग्रह. आईनं त्याची यादी बघितली आणि आपल्या कपाटाशी ताडून पाहिली. बाहुल्या आपल्याकडे नाहीत, एवढं तिनं टिपलं. जुन्या मोज्यांच्या दोन बाहुल्या त्या रविवारी झाल्या.

जिथे गाडं अडलं

२०२३ च्या गणपतीत मुंबईची मंडळी आली. चिऊच्याच वयाचा चुलतभाऊ ए ते झेड लिहून दाखवत होता, आणि काकूनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘हिला अजून काहीच लिहिता येत नाही?’ आजी गप्प बसली. आईनं त्याच रात्री चार वर्कबुकं मागवली. विसर्जनानंतर दोन दिवस चिऊला घेऊन बसली आणि तिसऱ्या दिवशी हात पुन्हा पाठीमागे गेले.

आईचं वागणं मला समजण्यासारखं वाटतं. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर द्यायला शाळा असते, घरी शिकवणारीला स्वतःच द्यावं लागतं. आम्ही वर्कबुकं टाकून दिली नाहीत, वर ठेवली आणि निरीक्षणाची वही परत काढली. पावणेचारची चिऊ आणि पावणेपाचची चिऊ शेजारी शेजारी ठेवून वाचली. वाचता वाचता आईला एक गोष्ट खटकली. डोळे चोळणं. वर्षापूर्वीच्या कोड्याच्या नोंदीत होतं, पुस्तकांच्या नोंदीत होतं, आता वर्कबुकाच्या वेळीही होतं. मोठ्या वस्तूंच्या कामात कुठेच नव्हतं.

नेत्रतज्ज्ञांकडे नेल्यावर कळलं, दोन्ही डोळ्यांना दूरदृष्टिता आणि एका डोळ्यात वक्रतेचा दोष. जवळचं बारीक बघताना तिला ताण पडत होता. चष्मा लागला. त्यानंतर काही आठवड्यांनी माळ्यावरून खाली आलेलं संचातलं लाकडी कोडं चिऊनं एका बैठकीत पूर्ण केलं, मोडलं आणि परत लावलं.

या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘संच तिला आवडत नाही, घरचं साहित्य आवडतं’ हा घरातला निष्कर्ष अर्धाच खरा होता. वाल आणि पावटे बोटांना कळत होते, कोड्याचे तुकडे डोळ्यांना कळायला हवे होते. मूल एखाद्या वस्तूवरून उठतं तेव्हा वस्तू चुकीची असेल, वेळ चुकीची असेल, किंवा मुलाला ती नीट दिसत-ऐकू येत नसेल. पहिल्या दोन शक्यता घरचे शोधतात. तिसरी शोधायला बाहेरची नजर लागते.

ती नजर चार घरं सोडून, अंगणवाडीतच होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करतं. चिऊ पटावर नव्हती म्हणून त्यातून सुटली. चष्म्यानंतर बाबांनी स्वतः जाऊन सेविकाताईंची भेट घेतली. आठवड्यातल्या तीन सकाळी चिऊ तिथे जायला लागली, बाकी घरी. घरात कितीही कप्पे मांडले तरी ‘माझी पाळी’ म्हणणारी दुसरी मुलं तिथेच मिळणार होती.

परिणाम

चिऊनं पेन्सिल आपणहून धरली ती सव्वापाच वर्षांची असताना, सामानाच्या यादीत ‘गूळ’ लिहायला. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा तिला माहीत नव्हतं, शब्द वाचता येत होता. वर ठेवलेल्या चार वर्कबुकांतली दोन तिनं त्या पावसाळ्यात हौसेनं पूर्ण केली.

जून २०२५ मध्ये ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत गेली. प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा मुलाखत घेणं शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे, त्यामुळे घरी शिकली म्हणून कुठे अडलं नाही. साधी मराठी पुस्तकं वाचते, जोडाक्षरांना थांबते. वीसच्या आतलं बेरीज-वजाबाकीचं काम वस्तू न घेता करते. इंग्रजी समजतं, बोलायला लाजते. आईची अपेक्षा याहून जास्त होती, आणि तशी ती बोलूनही दाखवते. वर्गात घंटेप्रमाणे काम थांबवणं तिला पहिले काही आठवडे फार जड गेलं. घरी तिचं ताट अर्धवट असताना कुणी उचललं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

डोळे आणि कान आधी तपासायचे, निरीक्षण नंतर. आता मी घरी शिकवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पहिलं हेच सांगते. साहित्यावर एक रुपया खर्च करण्याआधी.

संच नर्सरी सुटल्या सुटल्या मागवण्याऐवजी महिनाभर थांबता आलं असतं. दुखावलेल्या मुलाला तेवढी मोकळी जागा लागतेच, आणि त्या महिन्यात घरालाही कळतं की आपल्याकडे वेळ कुणाचा आहे.

अंगणवाडीचा पर्याय ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा समोर ठेवला गेला. आठवड्यातून तीन सकाळ ही वाट तेव्हाही होती. सेविकाताईंशी आधी एकदा नुसतं बोलणं झालं असतं तरी बाबांचा संकोच वर्षभर टिकला नसता.

इंग्रजीचं सगळं ओझं आईच्या संध्याकाळवर पडलं, जेव्हा ती सर्वात थकलेली असायची. बाबांना दिवसपाळी असलेल्या आठवड्यात ते वाटून घेता आलं असतं.

आणि सहा ताटं जास्त झाली. पहिले काही महिने आई रात्री अकरापर्यंत पुढच्या आठवड्याची ताटं लावत बसायची, आणि चिऊ त्यातली तीनच वापरायची. धाकटा आता तीनचा होऊन अंगणवाडीत जातो आहे. त्याच्यासाठी तीनच ताटं मांडली आहेत, ती बाबा सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासात लावतात, आणि काय ठेवायचं ते आजी सांगते.